नेट बंद म्हणजे बोर्ड गेला असं नव्हे

"नेट चालेना. बोर्ड गेलाय बहुतेक, स्वस्तातला एखादा बसवून द्या की."

विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी पत्रकच छापलं. बोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी; ती विकणं हा आमचा धंदाच आहे. पण न बिघडलेला बोर्ड बदलून दिला की नेट बंदच राहतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी चिडून दारात उभं असतं.

आधी घरी एवढं बघा. त्याच वायफायवर मोबाईल चालतोय का? मोबाईलचा डेटा बंद करून बघा, इथंच बरेच जण फसतात. मोबाईलवरही नेट नसेल तर कॉम्प्युटर इकडं आणण्यात अर्थ नाही. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेर कुठंतरी फायबर तुटलीय किंवा दुमडलीय, नेटवाल्याला फोन करा. लाल दिवा नसेल तर डबा आणि राउटर भिंतीवरच्या बटणानं बंद करा, मिनिटभर थांबा, परत चालू करा.

बटणानं बंद करा. मागच्या भोकात टाचणी घालू नका.

ते बारीक भोक

आमचा सगळ्यात जास्त वेळ या भोकानं खाल्लाय. टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातो, तो परत टाकता येतो. पण नेटवाल्यानं भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जातो. मग दिवे सगळे हिरवे, वायफायही दिसतं, फक्त नेट नाही. ते युजरनेम आमच्याकडं नसतं, नेटवाल्याकडं असतं, आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा माणूस सापडला तर नशीब. एका काकांनी तीनदा दाबलं होतं; पहिल्या दोन वेळी नीट दाबलं गेलं नसेल म्हणून.

कनेक्शन घेतानाच युजरनेम-पासवर्ड मागून घ्या आणि कागदावर लिहून राउटरच्या बुडाला चिकटवा. आणि टाचणी घातलीच असेल तर सांगून टाका. कोणी रागावत नाही, आमचा अर्धा तास वाचतो.

मोबाईल चालतो, कॉम्प्युटर नाही

खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डावरचा २०३२ नंबरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागं जातं आणि ब्राउझर बँकेची, मेलची साइट उघडायला नकार देतो. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. त्यासाठी बोर्ड बदलायला निघालेले लोक आम्ही बघितलेत.

नेट चालतं पण प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वेग ९५ च्या पुढं सरकत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा केबलची निघते. शंभरच्या पुढं जायला हजार एमबीपीएसची जोडणी लागते; तिला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. एखादी तार उंदरानं कुरतडली किंवा टोक सैल झालं की जोडणी शंभरवर येते.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि खांबावरून तांब्याची केबल घरात आली असेल, तर बोर्डावरचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल खुपसायची जागा, खरंच जाऊ शकतो. तरीही बाकी बोर्ड धड असेल तर हजार रुपयांच्या आतलं लॅन कार्ड बसवून भागतं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, तिथं हा धोका नाही.

खरंच बोर्ड घ्यायचा असेल तर

जुना प्रोसेसर आणि रॅम घेऊन या, नाहीतर नंबरचा फोटो आणा. 'आय३ आहे' एवढ्यानं भागत नाही. एच६१० प्रकारच्या बोर्डावर इंटेलचे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनचे प्रोसेसर बसतात. दहावी-अकरावीला एच५१० लागतो. एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत येतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. ऑनलाइन तीनशे रुपये वाचवून चुकीचा बोर्ड मागवलेले लोक शेवटी आमच्याकडंच येतात.

स्वस्त बोर्डांत बहुधा वायफाय नसतं. राउटर हॉलमध्ये आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत असेल तर वायफायचं किंवा केबलचं पैशांचं गणित आधीच धरा.

आणखी एक. राउटर न वापरता केबल थेट कॉम्प्युटरला लावत असाल तर नव्या बोर्डाबरोबर मॅक अॅड्रेस, म्हणजे लॅन पोर्टचा ओळख नंबर, बदलतो, आणि काही नेटवाले जुन्याच मॅकला नेट देतात. त्यांना फोन करून नवा नोंदवून घ्या. बोर्ड खराब दिला म्हणून आमच्यावर चिडू नका.

तपासणीचे दोनशे रुपये घेतो म्हणून नाकं मुरडली जातात. बोर्ड आमच्याकडून घेतलात तर ते बिलातून वजा होतात, आणि बोर्ड धड निघाला तर दोनशेत तुमचे काही हजार वाचले.

येताना फक्त कॅबिनेट आणा, मॉनिटर-माउस घरीच राहू दे. नव्या इंटेल बोर्डाच्या सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची झाकणी मात्र बॉक्समध्ये जपून ठेवा. वॉरंटीत बोर्ड पाठवताना तीच पहिली मागतात, आणि खालच्या पिना वाकलेल्या असतील तर बोर्ड तसाच परत येतो.