कामावर इजा झाली तर: आधी उपचार, आणि त्याच पाळीत नोंद
(यंत्रमाग, सायझिंग, डाईंग आणि गारमेंट चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मालक, धोटा (मागावर आडवा धागा नेणारा तुकडा) उडून डोळ्याला लागतो, सायझिंगच्या, म्हणजे धाग्याला खळ देणाऱ्या यंत्राच्या रोलरमध्ये बोट सापडतं, डाईंगच्या ओल्या फरशीवर बाई घसरते. सोलापूरचा अक्कलकोट रोड असो की चिंचोळी एमआयडीसी, शेड चालवणाऱ्याला हे नवीन नाही. आपण माणसाला लगेच दवाखान्यात नेता, खर्चही करता. राहून जाते ती नोंद.

का राहते, तेही आम्हाला ठाऊक आहे. ‘लिहिलं म्हणजे चूक कबूल केली’ अशी भीती असते. ती मनातून काढून टाका. कामगार विम्याचा (ईएसआय) लाभ देताना चूक मालकाची की कामगाराची, हे पाहत नाहीत. इजा कामामुळे आणि काम करताना झाली का, एवढंच पाहतात.

आमच्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. रातपाळीत एकाचं बोट चेपलं. मालक भला माणूस, स्वतःच्या गाडीतून खासगी दवाखान्यात घेऊन गेला, बिलही भरलं. ‘कसं लागलं?’ असं डॉक्टरांनी विचारल्यावर सोबतचा जॉबर (मागांवर देखरेख करणारा) घाबरून बोलून गेला, ‘घरी दारात सापडलं.’ केसपेपरवर तेच उतरलं. महिन्याने बोट वाकेना, तेव्हा विम्याचा अर्ज केला. कागद म्हणतो ‘घरी’, आणि कारखान्याचं रजिस्टर कोरं. खरं सांगणारे चार जण होते, पण त्या दिवशी लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. ते निस्तरेपर्यंत त्या घरात पगार आला नाही. म्हणून दवाखान्यात सोबत जो जाईल त्याला निघतानाच सांगा: जे घडलं तेच सांगायचं.

कामगार विमा लागू असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अपघात नोंदवही ठेवावीच लागते. कामगाराने तोंडी सांगितलं तरी पुरतं, लिहून घेण्याची जबाबदारी आपली. ‘हाताला लागले’ एवढ्या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. अशी लिहा: ‘रात्री २.२० वाजता, माग क्रमांक १४, तुटलेला धागा जोडताना शेजारच्या मागाचा धोटा उडून डाव्या भुवईवर लागला, रक्त आले, काम थांबवले.’ इजा झाली तेव्हा माणूस नेमकं काय करत होता, हा त्या वहीतला सर्वांत मोलाचा रकाना, आणि नेमका तोच रिकामा सोडलेला आम्ही पाहतो. त्याखाली माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा, लिहिणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांची नावं. कामगाराला मराठी वाचता येत नसेल तर तेलुगू, कन्नड, हिंदी, जी भाषा त्याला येते त्या भाषेत वाचून दाखवा आणि मगच अंगठा घ्या. शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षं वही जपून ठेवायची.

वहीनंतर कळवणं. कर्मचारी राज्य विमा महामंडळाला (ईएसआयसी) अपघाताचा अहवाल आपल्याला कळल्यापासून २४ तासांत ऑनलाइन जातो. मृत्यू झाला, अवयव गेला किंवा कायमचं अपंगत्व येण्यासारखी इजा असेल तर ताबडतोब. वेळेत अहवाल गेला की तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात कामगाराला सरासरी रोजच्या वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळण्याची वाट मोकळी होते. घरून कामावर येताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, यात धरतात. तोही नोंदवा.

दुसरं कळवणं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्याला. मृत्यू झाला, किंवा इजेमुळे माणूस पुढचे ४८ तास वा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर सूचना द्यावी लागते. सोमवारी दुपारी लागलं आणि बुधवारी दुपारीही तो कामावर येण्याच्या स्थितीत नाही, म्हणजे सूचना गेलीच पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यातला हा ४८ तासांचा नियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मृत्यू झाल्यास सर्वांत आधी घरच्यांना कळवा, मग या खात्याचा निरीक्षक आणि पोलीस ठाण्याला फोन, आणि त्यानंतर लेखी. बॉयलर फुटला तर कुणाला खरचटलं नसलं तरी बॉयलर निरीक्षकाला २४ तासांत लेखी कळवायचं.

ठेकेदाराचा माणूस असला तरी ‘तो आमचा नाही’ म्हणून सुटका होत नाही. आपल्या शेडमध्ये, आपल्या कामावर लागलं, तर नोंद आपल्या वहीत. आणि कृपा करून कामगाराची विमा नोंदणी पहिल्याच दिवशी करा. अपघातानंतर घाईने केलेली नोंदणी तारखेवरून लगेच लक्षात येते.

दहापेक्षा कमी माणसं असल्याने विमा लागू नसेल, तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते. देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, वर दंडही होऊ शकतो.

वही ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. रातपाळीला ऑफिसला कुलूप असतं. मुकादमाच्या टेबलावर ठेवा, सोबत दोरीने बांधलेलं पेन. छापील रकान्यांची वही आमच्याकडे मिळेल. पहिली नोंद कशी करायची ते आमचा माणूस शेडवर येऊन, दोन्ही पाळ्यांच्या मुकादमांना बसवून दाखवेल. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.