आधी साचा, मग सैनिक

वॉरहॅमर या छोट्या मूर्तींच्या फौजा मांडून खेळायच्या लढाईच्या खेळाचा खोका उघडला की तयार सैनिक हाती लागत नाही. करड्या प्लॅस्टिकची चौकट निघते आणि तिला डोकी, हात, ढाली, तलवारी चिकटलेल्या असतात. एकेक तुकडा कापायचा, घासायचा, जोडायचा आणि रंगवायचा. खेळ त्यानंतर. एवढं काम घेणाऱ्यानेच करायचं ही रीत कशी पडली, याचं उत्तर नियमांच्या पुस्तकांपेक्षा साच्यांत जास्त सापडतं.

लंडनच्या ब्रिटन कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला घेतले. ते रंगवूनच विकले जात. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये लढाईच्या खेळाचे नियम छापले, तेही अशाच सैनिकांसाठी. ड्रॅगन आणि राक्षस मात्र त्या फौजांत नव्हते.

ते आले १९७१ मध्ये. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमांना जादू आणि अद्भुत प्राण्यांची पुरवणी जोडलेली होती. पुढे १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं वठवण्याचा खेळ आला. पटावर मांडायला राक्षस हवे होते, म्हणून गायगॅक्स यांनी हाँगकाँगची स्वस्त प्लॅस्टिकची खेळणी वापरली. ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि ‘आऊलबेअर’ हे प्राणी त्या विचित्र खेळण्यांवरूनच सुचले. या सगळ्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत लाडका आहे.

लवकरच अशा मूर्तींचे कारखाने उभे राहिले: १९७५ मध्ये अमेरिकेत राल पार्था, १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये सिटाडेल. शिल्पकार पुट्टीची मूळ मूर्ती घडवायचा, तिच्यावरून रबराचा चकतीसारखा साचा बनायचा, आणि तो गरगर फिरवत त्यात वितळलेला धातू ओतला जायचा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे मूर्तीवर केसाएवढी रेघ उठते. ती सुरीने खरवडली नाही, तर रंग दिल्यावर नेमकी गालावर उठून दिसते. या मूर्ती विनारंगाच्याच विकल्या जात. त्या जास्त खपाव्यात या हेतूनेच सिटाडेलचे ब्रायन ॲन्सेल यांनी रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रिस्टली यांच्यासह १९८३ मध्ये वॉरहॅमर आणला. म्हणजे मूर्ती आधीच्या, खेळ नंतरचा.

पुढे शिशाच्या विषारीपणामुळे कथिलाचं प्रमाण जास्त असलेला मिश्रधातू आला. पण खरा बदल घडवला प्लॅस्टिकने. १९८७ च्या सुमारास एका खोक्यात ३० स्पेस मरीन, म्हणजे अंतराळातले सैनिक, मिळू लागले, सुट्या हातांचे आणि सुट्या शस्त्रांचे. रबर वाकतं, त्यामुळे वेडीवाकडी मूर्तीही त्यातून सोडवता येते. प्लॅस्टिक ओतायचा साचा मात्र पोलादी असतो. बगलेत किंवा ढालीमागे खाच राहिली, तर मूर्ती आतच अडकते. म्हणून हात वेगळा, डोकं वेगळं. सांधे जोडण्याची जबाबदारी अशी खेळाडूकडे आली आणि त्याबरोबर प्रत्येक सैनिकाला वेगळा पवित्रा देण्याची मुभाही. धातूला सुपरग्लू लागायचा, जड तुकड्यांना आत तार घालावी लागायची. प्लॅस्टिकचा सिमेंट दोन्ही कडा विरघळवून त्या एकजीव करतो.

रंगकामाची इंग्लंडमधली मोठी स्पर्धा, गोल्डन डेमन, १९८७ चीच. तोवर त्यातली युक्ती पक्की झाली होती. वॉश म्हणजे पातळ गडद रंग, तो अंगरख्याच्या चुण्यांत आपसूक उतरतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळायचे. मूर्ती जेमतेम २८ मिलिमीटरची, अंगठ्याच्या पेराएवढी. एवढ्याशा अंगावर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून ती सावलीही रंगानेच काढावी लागते.