संगणक जोडला तो फक्त वेगासाठी नव्हे

हाताने एकेक बिंदू मोजायचे कष्ट वाचावेत म्हणून नेटवर्क अ‍ॅनालायझरला (वेगवेगळ्या वारंवारतांना सर्किट सिग्नल किती परतवतं आणि किती पुढे सोडतं ते मोजणारं यंत्र) संगणक जोडला, आणि आता बटण दाबलं की पडद्यावर येतो तो आलेख खराच, असं अनेकजण मानतात. यातलं पहिलं अर्धसत्य आहे. दुसरं साफ चूक.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्यूलेट-पॅकार्डने ही जोडणी केली, तेव्हा वेग वाढलाच. पण खरी कमाई वेगळी होती. यंत्राच्या, केबलच्या, कनेक्टरच्या ठरावीक चुका आधी मोजायच्या आणि प्रत्येक वारंवारतेला गणिताने काढून टाकायच्या. दोन पोर्टांसाठी (यंत्राची जोडणीची टोकं) अशा १२ चुका धरतात. हातानं हे कोण करणार?

मात्र त्या चुका मोजायला शॉर्ट (टोक जोडून बंद केलेला), ओपन (उघड्या टोकाचा), लोड (ठरावीक रोधाचा) आणि थ्रू (दोन पोर्ट थेट जोडणारा) हे मानक तुकडे आपल्यालाच जोडावे लागतात, तेही केबलच्या टोकाला. नेहमीच्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये (मधल्या तारेभोवती धातूचं आवरण असलेल्या) १ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २० सेंमी भरते. म्हणजे ही चुकांची मोजणी, अर्थात कॅलिब्रेशन, झाल्यावर त्याच केबलचा ५ सेंमीचा (पाव तरंगलांबीचा) तुकडा वाढवलात, तर त्याचं उघडं टोक यंत्राला चक्क शॉर्ट दिसतं!

बिंदूंचंही, म्हणजे किती वारंवारतांना मोजायचं त्याचंही, तसंच. ९०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा १०१ बिंदूंत मोजला की दोन बिंदूंत ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं. १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा (ठरावीक वारंवारतेला कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा) अनुनाद जेमतेम काहीशे हर्ट्झ रुंद. तो मधल्या मधे हरवतो आणि आलेख मात्र गुळगुळीत दिसतो. तिथे पट्टा अरुंद करा, आणि कॅलिब्रेशन पुन्हा करा.