लेक लांब का देतात?

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडच्या एखाद्या घराचा वर्षाचा खर्च मांडला, तर किराणा, पेंड, शाळेची फी यांच्या शेजारी आहेराचा आकडा निघतोच. बारसं, जावळ, वास्तुशांत, लग्न. लेकीच्या सासरी काही निघालं की रिकाम्या हातानं जाता येत नाही. हातात पैसा नसताना ही उधळपट्टी कशाला, असं शहाणी माणसं म्हणतात. मला ते घाईचं वाटतं.

इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९७५ पासून काही कोरडवाहू गावांतल्या घरांचा जमाखर्च वर्षानुवर्षं टिपला. सांगलीला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर त्यातलंच. त्या नोंदींवरून अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एखाद्या घराची कमाई बुडाली तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा कोसळत नाही. तो बराचसा गावाच्या सरासरीबरोबर हलतो. म्हणजे गावातलं गावात सावरलं जातं. पण पाऊसच दडी मारून बसला तर? भावकीकडं मागणार काय, त्यांचीही विहीर आटलेली.

इथं सोयरे कामाला येतात. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये याच नोंदी तपासल्या. ज्या शेतकरी घरांची कमाई जास्त बेभरवशाची, त्यांच्या सोयरिकी जास्त लांबच्या गावांत जुळलेल्या दिसल्या. अशा सोयरिकींमुळं घरातल्या खाण्यावरच्या खर्चाचे चढउतारही कमी झाले होते. लांबच्या गावाचा पाऊस वेगळा, म्हणून दोन्हीकडं एकदम दुष्काळ पडण्याची शक्यता कमी.

दुष्काळी जतची लेक कृष्णाकाठच्या वाळव्याच्या बागायतीत दिली की याचा अर्थ लगेच कळतो. मदत उलटीही वाहू शकते: ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात पलूस, वाळव्यातली गावं पाण्यात होती, जत नव्हतं. मग आहेर म्हणजे या विम्याचा हप्ताच. फक्त पॉलिसीचा कागद नाही, आणि लेकीला विचारून ती काढली होती का, हेही कुणी नोंदवलेलं नाही.

मामाची मुलगी करण्याची आपली रीत मात्र या हिशेबात अर्धीच बसते. ओळख जुनी, त्यामुळं शब्द फिरण्याची भीती कमी. पण त्याच त्या दोन घरांत नातं घट्ट होतं, जोखीम आणखी पसरत नाही.

आता लांब म्हणजे दुसरं शिवार असायची गरज उरलेली नाही. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, कुणी पुण्यात नोकरीला आहे. त्यांची कमाई माणदेशातल्या पावसावर चालत नाही, म्हणून स्थळ बघताना हल्ली रानाच्या आधी पगार विचारतात.