‘अ‍ॅटनबरो’ : एक गाव, एक आडनाव आणि एक गुणसूत्र

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी, अ‍ॅटनबरो नावाचे एक लहानसे गाव आहे. गावालगतच्या वाळू-खडीच्या जुन्या खाणींत पाणी साचून मोठमोठी तळी तयार झाली आणि पाणपक्ष्यांनी ती आपलीशी केली. १९६६ साली या तळ्यांना निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तेव्हा उद्घाटनासाठी ज्यांना बोलावले होते त्यांचे नाव होते डेव्हिड अ‍ॅटनबरो. निसर्गपटांमुळे हे आडनाव आज जगभर ओळखीचे झाले आहे. भारतात तर डेव्हिड यांचे थोरले बंधू रिचर्ड यांनी गांधीजींवर काढलेल्या चित्रपटामुळे ते त्याहूनही आधी घराघरांत पोहोचले. इतक्या परिचित आडनावाची माणसे इंग्लंडमध्ये जागोजागी भेटत असतील असे वाटेल, पण तसे नाही. हे आडनाव मुळात दुर्मीळ आहे, आणि त्या दुर्मीळपणामुळेच आनुवंशशास्त्रज्ञांना त्यात रस वाटला.

पाहुण्यांचे आडनाव आणि गावाचे नाव एकच असणे हा निव्वळ योगायोग नव्हे. इंग्रजी आडनावांचे ढोबळमानाने चार उगम सांगितले जातात : गाव किंवा ठिकाण, व्यवसाय, वडिलांचे नाव आणि टोपणनाव. ‘अ‍ॅटनबरो’ पहिल्या प्रकारात मोडते. गावाच्या नावात ‘अड्डा’ या नावाचा कोणी जुना इंग्रज दडलेला आहे. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ‘बुर्ह’, म्हणजे तटबंदीची जागा, असा त्याचा अर्थ लावला जातो. आडनावाची दुसरी व्युत्पत्तीही दिली जाते. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ म्हणजे ‘अमुक ठिकाणी’, तेव्हा गढीपाशी किंवा वाड्यापाशी राहणारा तो ‘अ‍ॅटन बरो’. भाषेच्या दृष्टीने दोन्ही अर्थ बसतात. पण आडनावाची जुनी कुटुंबे मूळ गावाच्या आसपासच सापडत असतील, तर पहिल्या अर्थाचे पारडे जड होते. डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ सालचा, स्टेपलफर्ड येथला, आणि स्टेपलफर्ड ते अ‍ॅटनबरो हे अंतर आहे जेमतेम चार-पाच किलोमीटर.

गावावरून पडलेले आडनाव गावात राहून पडत नाही, ते गाव सोडल्यावर पडते. सगळे गावच जिथे अ‍ॅटनबरोचे, तिथे एखाद्याला ‘अ‍ॅटनबरोचा’ म्हणून ओळखण्यात काहीच अर्थ नसतो. आपल्याकडील ‘कर’ लावून होणाऱ्या आडनावांचीही हीच रीत आहे. माणूस दहा-वीस कोस दूर जाऊन स्थायिक झाला, की तिथले लोक त्याला त्याच्या मूळ गावाच्या नावाने हाक मारू लागतात. अशी ओळख आधी त्या माणसापुरतीच असते. बापाची ओळख मुलाने जशीच्या तशी पुढे चालवली, म्हणजे तिचे आडनाव होते. १०६६ साली नॉर्मन राजवट आल्यावर ही प्रथा आधी सरदार-जमीनदारांत रुजली, पुढे खाली झिरपत गेली आणि १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रजांना वंशपरंपरेने चालणारे आडनाव मिळाले. उत्तरेकडे त्याला आणखी काही काळ लागला. १३७७ ते १३८१ या काळात लावलेल्या डोईपट्टीच्या याद्या आडनावांच्या अभ्यासकांना सोन्यासारख्या वाटतात त्या यामुळेच, कारण आडनावे घट्ट होत असतानाच्या त्या नोंदी आहेत. पुढे १५३८ पासून प्रत्येक चर्चने बारसे, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला, आणि १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली.

या वह्या लिहिणारा माणूस जे ऐकू येईल ते लिहीत असे. त्यामुळे एकाच आडनावाची अनेक स्पेलिंगे झाली आणि काही कुटुंबांत ती तशीच कायम राहिली. मराठीत लिहिताना ही अडचण येत नाही, कारण देवनागरीत त्यातली बहुतेक रूपे ‘अ‍ॅटनबरो’ अशीच उतरतात. पण इंग्लंडमधील संशोधकाला प्रत्येक वेळी ठरवावे लागते की हे वेगळे स्पेलिंग म्हणजे वेगळे घराणे आहे, की त्याच घराण्याची पाद्रीबुवांच्या कानाप्रमाणे झालेली दुसरी शाखा.

आता दुर्मीळपणाचे कारण पाहू. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावोगावी लोहार होता, म्हणजे हे आडनाव एकमेकांशी कसलाही संबंध नसलेल्या हजारो कुटुंबांत स्वतंत्रपणे सुरू झाले. आज ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक स्मिथ आहेत. याउलट एका लहान गावातून बाहेर पडून त्या गावाचे नाव लावणारी कुटुंबे एक-दोन, फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असणार. हे स्पष्टीकरण सहज पटते, आणि मला वाटते म्हणूनच ते अर्धवट असल्याचे लक्षात येत नाही. सहाशे वर्षांपूर्वी एखादे आडनाव किती जणांनी सुरू केले आणि आज ते किती जणांकडे आहे, या दोन आकड्यांच्या मध्ये योगायोगाची एक फार मोठी गाळणी बसलेली असते.

ही गाळणी गणिताच्या मांडणीत प्रथम ठळकपणे आणली ती फ्रान्सिस गाल्टन यांनी. जुनी नामांकित घराणी निर्वंश होत चालली आहेत, अशी तेव्हाच्या इंग्रज उच्चभ्रूंमध्ये कुजबुज होती, आणि त्यात त्या घराण्यांचा काही दोष आहे की हा फक्त संख्यांचा खेळ आहे, हे गाल्टन यांना जाणून घ्यायचे होते. १८७३ साली त्यांनी हा प्रश्न एका शैक्षणिक नियतकालिकात गणिती कोडे म्हणून छापला. हेन्री विल्यम वॉटसन या धर्मोपदेशक असलेल्या गणितज्ञाने त्याचे उत्तर दिले आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून निबंध सादर केला. ‘गाल्टन-वॉटसन प्रक्रिया’ या नावाने ती मांडणी आजही संभाव्यताशास्त्रात शिकवली जाते आणि अणुभट्टीतील साखळी प्रक्रियेपासून साथीच्या फैलावापर्यंत वापरली जाते.

त्या मांडणीचा हिशेब आपणही करून पाहू शकतो. वेगवेगळी आडनावे असलेले १०० पुरुष घ्या. मोठा होऊन संसाराला लागलेला मुलगा प्रत्येकाला सरासरी एक आहे, म्हणजे लोकसंख्या वाढतही नाही आणि घटतही नाही, असे धरा. कोणाला किती मुलगे होतील हे मात्र निव्वळ नशिबावर सोडा. मग पहिल्याच पिढीत सुमारे ३७ आडनावांना ‘वंशाचा दिवा’ मिळत नाही. मुली कितीही असोत, आडनाव तिथे थांबते. दोन पिढ्यांनंतर ५३ आडनावे संपलेली असतात, पाच पिढ्यांनंतर ७३, आणि वीस पिढ्यांनंतर, म्हणजे साधारण सहाशे वर्षांनी, १०० पैकी फक्त ९ उरतात. माणसे मात्र तेवढीच आहेत, त्यामुळे उरलेल्या प्रत्येक आडनावाच्या वाट्याला सरासरी ११ पुरुष येतात. यात कोणाचा पराक्रम नाही आणि कोणाचा दुबळेपणाही नाही.

वॉटसन यांचे उत्तर एका ठिकाणी चुकले होते. आडनाव नष्ट होण्याची संभाव्यता ज्या समीकरणातून मिळते, त्याचे १ हे एक उत्तर नेहमीच असते, आणि ते पाहून लोकसंख्या वाढत असली तरी प्रत्येक आडनाव अखेर नष्ट होणारच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रत्यक्षात मुलग्यांची सरासरी एकाच्या वर गेली की त्याच समीकरणाला एकाहून लहान असे दुसरे उत्तर मिळते आणि तेच खरे असते. सरासरी १.१ असली तर १०० पैकी सतरा-अठरा आडनावे कायमची टिकून राहतात. गंमत अशी, की फ्रान्समधील बिएनमे यांनी १८४५ मध्येच याचे बरोबर उत्तर दिले होते. ते गाल्टन आणि वॉटसन यांच्या नजरेस पडले नाही.

इंग्लंडच्या बाबतीत गाळणी आणखी बारीक झाली. आडनावे स्थिर होत असतानाच, १३४८-४९ मध्ये, प्लेगच्या ‘काळ्या मृत्यू’ने देशातील किमान एक तृतीयांश लोकांचा बळी घेतला. एकाच खेड्यातील दोन-तीन कुटुंबांपुरते मर्यादित असलेले आडनाव अशा एका उन्हाळ्यात पुसले जाऊ शकत होते.

आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि मानवी पेशीतील ‘वाय’ गुणसूत्रही नेमके त्याच वाटेने जाते. इतर गुणसूत्रांची प्रत्येक पिढीत सरमिसळ होते. ‘वाय’चा बहुतेक भाग मात्र जसाच्या तसा पुढे सरकतो. त्यावर काही ठिकाणी डीएनएची चार-पाच अक्षरे एकामागे एक पुन्हापुन्हा आलेली असतात, आणि ती किती वेळा आली हा आकडा क्वचितच एखाद्या पिढीत एकाने कमी-जास्त होतो. अशी पंधरा-वीस ठिकाणे तपासली की त्या पुरुषवंशाचा एक ठसा मिळतो. दोन पुरुषांचे ठसे सारखे, किंवा एखाद्याच आकड्याने वेगळे निघाले, तर त्यांचा समान पूर्वज आडनावांच्या काळातच कुठेतरी असणार, असे म्हणता येते.

लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी हेच तपासले. त्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात एकेका आडनावाच्या दोन-दोन पुरुषांच्या १५० जोड्या होत्या. त्यांपैकी सुमारे २४ टक्के जोड्यांमध्ये अलीकडच्या समान पूर्वजाची खूण सापडली. आडनावे जितकी दुर्मीळ, तितके हे प्रमाण वाढत गेले आणि अगदी दुर्मीळ आडनावांत ते निम्म्याच्या जवळ पोहोचले. २००९ साली त्यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे ‘वाय’ गुणसूत्र तपासून प्रसिद्ध केले. स्मिथ मंडळींचे ठसे इतके विविध निघाले, की वाटेल त्या आडनावांचे पुरुष रस्त्यातून उचलून आणावेत तसे. ‘अ‍ॅटनबरो’ दुसऱ्या टोकाला होते : स्पेलिंग कोणतेही असो, दहांपैकी जवळजवळ नऊ पुरुषांचे गुणसूत्र एकाच प्रकारचे होते. इथे एक योगायोग नोंदवायलाच हवा. फ्रेडरिक अ‍ॅटनबरो हे १९३२ ते १९५१ या काळात याच लेस्टरच्या, तेव्हा विद्यापीठ न झालेल्या, महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांचे मुलगे त्याच आवारात वाढले.

तर मग सगळे अ‍ॅटनबरो एकाच पुरुषाचे वंशज आहेत आणि आडनावही त्या एकानेच सुरू केले, असे म्हणावे का? पहिले विधान बरेचसे खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही. वरचा हिशेब पुन्हा पाहा. गावातून बाहेर पडलेल्या पाच असंबंधित कुटुंबांनी हे आडनाव लावले होते असे समजा. शंभरातले ९१ वंश सहाशे वर्षांत खुंटतात, तेव्हा पाचांपैकी चार खुंटून एकच उरणे मुळीच आश्चर्याचे नाही. आज दिसणारा एकच ठसा हा एकाच मूळपुरुषाचा पुरावा असू शकतो, किंवा अनेक मूळपुरुषांपैकी एकाच्याच नशिबाने साथ दिल्याचाही. स्मिथांच्या हजारो वंशांतले बहुसंख्य खुंटले, तरी उरलेले शेकडोंनी असतात. म्हणून तिथे विविधता टिकते. आयर्लंडमधील आडनावांत मात्र दुर्मीळपणा आणि गुणसूत्रांची एकरूपता यांचे असे नाते दिसत नाही. तिथे कुळांची रचना वेगळी होती आणि काही पुरुषवंश फार मोठ्या प्रमाणात फोफावले.

उरलेल्या दहातील एकाचे काय? दत्तक घेतलेला मुलगा, आईचे आडनाव चालवणारा मुलगा, वारशाची अट म्हणून बदललेले आडनाव, आणि अर्थातच विवाहबाह्य संबंध, यांपैकी कशामुळेही गुणसूत्र आणि आडनाव यांची फारकत होते. दहातला एक मुलगा कागदोपत्री बापाचा नसतो, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. लेस्टरच्या आकड्यांवरून ती अतिरंजित ठरते. खरे प्रमाण दर पिढीला पंचविसात एकापेक्षाही कमी असावे. ते कमी असले तरी पिढ्यानुपिढ्या साठत जाते. लेस्टरमधल्याच वाहनतळाखाली २०१२ साली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला, तेव्हा त्याचे ‘वाय’ गुणसूत्र अठराव्या शतकातील ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या वंशातील पाच हयात पुरुषांशी ताडून पाहिले गेले. कागदावर हे सगळे एकाच पुरुषवंशाचे. प्रत्यक्षात पाचांपैकी एकाचेही राजाशी जुळले नाही, आणि त्या पाचांतही एक बाकीच्या चौघांहून वेगळा निघाला. राजघराण्याच्या वंशावळीची ही स्थिती आहे, तर साध्या कुटुंबांतील दहांपैकी नऊ जुळणे मला जास्त थक्क करणारे वाटते.

याच संशोधकांना यॉर्कशरच्या पूर्व भागातील आणखी एक दुर्मीळ आडनाव भेटले. ते त्यांनी जाहीर केले नाही. त्या आडनावाच्या एका इंग्रज पुरुषाच्या नमुन्यात पश्चिम आफ्रिकेत आढळणारा, एरवी अत्यंत विरळ असा ‘वाय’ गुणसूत्राचा प्रकार दिसला. आपल्या कुळात कोणी आफ्रिकी होता, याची त्याला कल्पनाही नव्हती. मग त्याच आडनावाचे पुरुष शोधून तपासले, तेव्हा १८ पैकी ७ जणांकडे तोच प्रकार निघाला. आडनाव सामान्य असते, तर हे सात जण लाखोंच्या गर्दीत हरवले असते. चर्चच्या वह्यांवरून त्यांच्या वंशावळी लावल्यावर दोन शाखा झाल्या, दोन्ही यॉर्कशरमधल्या : एक १७८८ साली जन्मलेल्या पुरुषापाशी जाऊन थांबते, दुसरी १७८९ सालच्या. त्या दोघांना जोडणारा पूर्वज त्याआधीचा आहे, आणि त्याचे नाव कोणत्याही वहीत सापडलेले नाही.