कॅन्सस-नेब्रास्का कायदा

अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केलेला आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी ३० मे १८५४ रोजी स्वाक्षरी केलेला कायदा. मिझुरी राज्याच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण मुलखाचे कॅन्सस आणि नेब्रास्का असे दोन प्रदेश (राज्याचा दर्जा अजून न मिळालेले मुलूख) पाडून तेथे शासनयंत्रणा उभी करणे, हा त्याचा वरकरणी हेतू. पण या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, हे तेथे जाऊन वसणाऱ्यांनीच ठरवावे, असेही त्यात म्हटले होते. या तरतुदीने ३४ वर्षे कशीबशी टिकलेली तडजोड मोडली, व्हिग हा मोठा राष्ट्रीय पक्ष खिळखिळा केला, रिपब्लिकन पक्षाला जन्म दिला आणि यादवी युद्धाची पहिली चकमक युद्धाच्या पाच वर्षे आधीच कॅन्ससच्या माळरानावर घडवून आणली.

या कायद्याची मुळे जमिनीच्या भुकेत आहेत. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला आणि देशाचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. त्याआधी दहा वर्षे सरकी काढण्याचे यंत्र निघाले होते आणि कापसाचे पीक भलतेच किफायतशीर ठरू लागले होते. कापूस जमिनीचा कस खातो. त्यामुळे मळेवाल्यांची नजर सतत पश्चिमेकडे. १८०८ पासून गुलामांची आयात कायद्याने बंद झाली, तरी त्यांची संख्या १७९० मधील सुमारे ७ लाखांवरून १८६० पर्यंत साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. व्हर्जिनिया, मेरीलँडकडचे मालक आपल्याकडची माणसे मिसिसिपी, अलाबामा, टेक्सासकडे विकत. अशा रीतीने सुमारे दहा लाख माणसे घरादारापासून तोडून नैर्ऋत्येकडे नेली गेली. पश्चिमेला नवी जमीन खुली झाली की व्हर्जिनियातल्या गुलामाचा भाव चढे. म्हणूनच ज्या मुलखात एकही गुलाम नाही, तेथील कायद्यावरून दक्षिणेचे पुढारी जिवावर उदार होत. त्यातच प्रत्येक नव्या राज्याला सिनेटमध्ये दोन जागा मिळत, त्यामुळे जमिनीचा प्रश्न लगेच सत्तेचाही होई.

मिझुरीला राज्याचा दर्जा देताना १८२० मध्ये पहिला मोठा खटका उडाला. मिझुरी गुलामगिरीसह आत, तिच्या जोडीला मेन हे राज्य गुलामगिरीविना, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला कायमची बंदी, असा तोडगा निघाला. स्वतः गुलामांचे मालक असलेल्या वृद्ध जेफरसन यांना मात्र हा वाद रात्री अचानक वाजू लागलेल्या आगीच्या घंटेसारखा वाटला. पुढे १८४५ मध्ये टेक्सास संघराज्यात आले आणि १८४६-४८ च्या युद्धात मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख मिळाला. युद्ध चालू असतानाच पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मॉट यांनी या जिंकलेल्या भूमीत गुलामगिरी नको, असा ठराव आणला. प्रतिनिधिगृहात तो संमत होई, सिनेटमध्ये अडे. १८५० च्या तडजोडीने कॅलिफोर्निया गुलामगिरीविना दाखल झाले. बदल्यात पळून गेलेल्या गुलामांना उत्तरेतूनही पकडून आणण्याचा कडक कायदा दक्षिणेच्या पदरात पडला.

कॅन्सस-नेब्रास्का विधेयकाचे कर्ते इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस हे गुलामगिरीचे पुजारी नव्हते, तिचे विरोधकही नव्हते. त्यांना हवी होती रेल्वे. पॅसिफिककडे जाणारा लोहमार्ग शिकागोहून निघावा, ही त्यांची धडपड, आणि शिकागोत त्यांच्या जमिनीही होत्या. मधल्या मुलखात शासन नसेल तर रूळ टाकायचे कसे? त्यासाठी दक्षिणेच्या सिनेटरांची मते लागत, आणि १८२० ची बंदी उघडपणे रद्द केल्याशिवाय ती मिळेनात. डग्लस यांनी ती किंमत मोजली. यावरून मोठे वादळ उठेल, हे त्यांनी आधीच बोलून दाखवले होते. विधेयक सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १४ असे सहज, तर प्रतिनिधिगृहात ११३ विरुद्ध १०० असे जेमतेम पार झाले. पुढे उत्तरेत गावोगावी डग्लस यांचे पुतळे जाळले गेले. त्या जाळांच्या उजेडात आपण बोस्टनहून शिकागोपर्यंत प्रवास करू शकलो असतो, असे ते स्वतःच सांगत.

गुलामगिरीचा निर्णय तेथे वसणाऱ्यांनीच करावा, या डग्लस यांच्या तत्त्वाला ‘लोकसार्वभौमत्व’ असे भारदस्त नाव होते. त्यातला ‘लोक’ म्हणजे २१ वर्षांवरील गोरा स्वतंत्र पुरुष. मुलूख रिकामाही नव्हता. कान्सा, ओसेज हे मूळचे रहिवासी तेथे होतेच. शिवाय शॉनी, डेलावेअर अशा जमातींना पूर्वेकडून उठवून ‘ही जमीन आता कायमची तुमची’ म्हणून तेथेच आणून वसवले होते. १८५४ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांशी घाईघाईने नवे करार करून तीच जमीन परत घेण्यात आली. मतदान नेमके केव्हा घ्यायचे, मतदार होण्यासाठी किती दिवस राहिलेले असावे, हेही कायद्याने नीट बांधले नव्हते. नदी ओलांडून सकाळी आलेला माणूस रहिवासी म्हणायचा की नाही? पुढचा सारा रक्तपात या एका ढिलाईत दडलेला होता.

कायद्यावर सही होत असतानाच बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स हा व्हर्जिनियाहून पळालेला गुलाम कोठडीत होता. २ जून रोजी त्याला सैनिकांच्या गराड्यातून बंदरावर नेले, तेव्हा दुतर्फा हजारोंची गर्दी होती आणि इमारतींवर काळी कापडे टांगली होती. दक्षिणेच्या कापसावर ज्यांच्या गिरण्या चालत, असे बोस्टनचे धनिक त्या दिवशी हलले. त्यांच्यातले एक, अ‍ॅमोस लॉरेन्स, यांनी लिहिले की रात्री झोपताना आम्ही जुन्या वळणाचे तडजोडवादी व्हिग होतो, उठलो ते ठार वेडे गुलामगिरीविरोधक होऊन. कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी वस्ती व्हावी म्हणून निघालेल्या न्यू इंग्लंडच्या स्थलांतर-साहाय्य कंपनीला त्यांनी सढळ हाताने पैसा पुरवला. वसाहतकऱ्यांनी आपल्या गावाला त्यांचेच नाव दिले. या लोकांसाठी पूर्वेकडून शार्प्स बंदुकाही येत. हेन्री वॉर्ड बीचर या धर्मोपदेशकांच्या पाठिंब्यामुळे त्या बंदुकांना ‘बीचरची बायबले’ असे टोपणनाव पडले.

मिझुरीवाल्यांना ही परक्यांची टोळधाड वाटली. ३० मार्च १८५५ रोजी प्रदेशाच्या पहिल्या विधिमंडळाची निवडणूक झाली. आदल्याच महिन्यातील गणनेत २,९०५ मतदार भरले होते; पडली ६,३०७ मते. सिनेटर डेव्हिड अ‍ॅचिसन यांच्या चिथावणीने मिझुरीहून घोड्यांवर, गाड्यांतून सशस्त्र जथे आले, मते टाकून घरी परतले. अशा रीतीने निवडून आलेल्या सभेने केलेले कायदे वाचण्यासारखे आहेत. गुलामांना बंडाला चिथावणाऱ्यास फाशी आणि ‘या प्रदेशात गुलाम बाळगण्याचा हक्क नाही’ असे नुसते म्हणणाऱ्यास किमान दोन वर्षे सक्तमजुरी. विरोधकांनी या सभेला ‘बोगस’ ठरवून टोपेका येथे आपले वेगळे सरकार थाटले. दोन सरकारे, दोन घटना आणि दोन्हीकडे भरलेल्या बंदुका!

बोगस मतदानाचा कळस १८५७ च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्ड नावाच्या खेड्यात झाला. गावात घरे सहा. मते पडली १,६२८. मतदारांची नावे सिनसिनाटी शहराच्या नामसूचीतून ओळीने उतरवून काढली होती. गव्हर्नर रॉबर्ट वॉकर स्वतः दक्षिणेचे, पण त्यांनीही ही मते फेकून दिली.

दरम्यान २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीवाद्यांच्या जमावाने लॉरेन्स गावावर चाल केली. छापखाने मोडून टाईप नदीत फेकले, फ्री स्टेट हॉटेलवर तोफा डागल्या आणि मग ते पेटवून दिले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये, सिनेटच्या सभागृहात, साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांना छडीने बेशुद्ध पडेपर्यंत मारले. कॅन्ससवरील भाषणात सम्नर यांनी ब्रुक्स यांच्या नात्यातल्या सिनेटर बटलर यांची निर्भर्त्सना केली होती. मेज जमिनीला जखडलेले, त्यामुळे सम्नर यांना उठताही येईना; छडी तुटली तरी मार थांबला नाही. ब्रुक्स राजीनामा देऊन पुन्हा निवडून आले. चाहत्यांनी त्यांना नव्या छड्या भेट पाठवल्या. सम्नर यांना सिनेटच्या कामावर परतायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. मॅसॅच्युसेट्सने ती जागा त्यांच्याच नावे रिकामी ठेवली.

२४ मेच्या रात्री जॉन ब्राउन या कट्टर गुलामगिरीविरोधकांनी मुलांना आणि साथीदारांना घेऊन पोटावाटोमी ओढ्याकाठच्या घरांतून पाच जणांना बाहेर काढून तलवारींनी कापून काढले. मेलेल्यांपैकी कोणाकडेही गुलाम नव्हते. ब्राउन यांच्या चाहत्यांनी पुढे या रात्रीविषयी बोलणे टाळले, आणि हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावरील १८५९ च्या धाडीनंतर ते फासावर गेले तेव्हा उत्तरेत अनेकांच्या लेखी ते हुतात्मा झाले. ‘रक्तबंबाळ कॅन्सस’ हे नाव वृत्तपत्रांनी रूढ केले. निव्वळ राजकीय कारणाने पडलेले मुडदे अलीकडच्या मोजणीत पन्नास-साठच्या आसपास भरतात. पण प्रत्येक मुडद्याची बातमी तारेने न्यूयॉर्क आणि चार्ल्सटनला पोचत होती, आणि दोन्हीकडे वेगळी वाचली जात होती.

मार्च १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकारच नाही, असा निर्णय दिला. मग तेथील रहिवाशांना तरी तो कसा असणार? डग्लस यांचे तत्त्व असे दोन्ही बाजूंनी पोकळ झाले. त्याच साली लेकॉम्प्टन येथे गुलामगिरीवाद्यांनी राज्यघटना बनवली आणि तिच्यावरील मतदानात कौल असा ठेवला की ‘गुलामगिरी नको’ म्हटले तरी आधीचे गुलाम गुलामच राहतील. राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन तिच्या पाठीशी उभे राहिले. डग्लस मात्र ही लोकमताची थट्टा आहे म्हणून आपल्याच पक्षाविरुद्ध उलटले. १८५८ च्या ऑगस्टमध्ये कॅन्ससच्या मतदारांनी ही घटना ११,३०० विरुद्ध १,७८८ मतांनी झिडकारली. पण डेमोक्रॅटिक पक्षाची चिरफळी झाली ती झालीच. १८६० मध्ये त्याचे दोन उमेदवार उभे राहिले, आणि दक्षिणेत बहुतेक ठिकाणी ज्यांच्या नावाची मतपत्रिकाही नव्हती ते लिंकन ४० टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आले. १८५४ मध्ये याच कायद्याविरुद्ध पिओरिया येथे भाषण करून ते राजकारणात परतले होते.

२१ जानेवारी १८६१ रोजी जेफरसन डेव्हिस आणि दक्षिणेचे आणखी काही सिनेटर, त्यांची राज्ये संघराज्यातून फुटून निघाल्यामुळे, निरोपाची भाषणे करून बाहेर पडले. त्याच दिवशी कॅन्ससला राज्य करण्याचे विधेयक सिनेटने संमत केले. २९ जानेवारीला कॅन्सस गुलामगिरीविना ३४ वे राज्य झाले. १८६० च्या जनगणनेत तेथे दोन गुलाम नोंदले गेले होते.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करताना गुलाममुक्तीच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा आणि निरपेक्षतेचा गौरव केला. कॅन्ससचा इतिहास पाहता निरपेक्षता सर्वांच्या ठायी नव्हती, असे म्हणावे लागते. टोपेकावाल्यांनी गुलामगिरीला नकार दिला, त्याच मतदानात स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही प्रदेशात मज्जाव करण्याच्या बाजूने कौल दिला. अनेकांना गुलाम नको होते, तसे कृष्णवर्णीय शेजारीही नको होते. फुल्यांचा नमस्कार मात्र ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला त्यांना होता, आणि असे लोकही कॅन्ससमध्ये होते.

युद्धाच्या काळात, २१ ऑगस्ट १८६३ रोजी पहाटे, दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या विल्यम क्वांट्रिल याच्या टोळीने लॉरेन्सवर पुन्हा हल्ला केला. सुमारे दीडशे पुरुष आणि पोरे मारली गेली. १८५६ नंतर नव्याने बांधलेले, आता एल्ड्रिज हाउस म्हणून ओळखले जाणारे ते हॉटेल दुसऱ्यांदा जळाले. गावाने ते पुन्हा बांधले. आजची इमारत त्याहीनंतरची आहे. ती त्याच जागी, मॅसॅच्युसेट्स नावाच्या रस्त्यावर उभी आहे.