दुधाचं चीज, कष्टाचं चीज: शेतीच्या गेममध्ये मशिनं आली कुठून

शेतीचा कुठलाही निवांत गेम आज उघडा, थोडं खेळून होईपर्यंत तो तुमच्या हातात एखादं मशीन ठेवतोच. अंडं टाका मेयोनीज काढा, दूध टाका चीज काढा, द्राक्षं टाका वाईन काढा, आणि असं करत करत पहिलं वर्ष संपेपर्यंत आपण शेतकरी कमी आणि कारखानदार जास्त झालेलो असतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की वाटतं शेतीचे गेम आले तेव्हापासून हे असंच असणार. पण नाही, सुरुवातीला यातलं जवळपास काहीच नव्हतं, आणि नंतर जे आलं त्यातलं बरंचसं लढायांच्या आणि तलवारबाजीच्या गेममधून आलंय.

९ ऑगस्ट १९९६ ला जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या गेम-यंत्रावर 'बोकुजो मोनोगातारी' आला, बाहेरच्या जगात तोच 'हार्वेस्ट मून'. करणारा यासुहिरो वादा, लहानपण खेड्यात गेलेलं, नंतर कामाला टोकियोत, आणि त्याच्या डोक्यात एवढंच होतं की मारामारी नसलेला गेम करून बघायचा. मारामारी काढली की उरतं काय, तर रोजचं काम. पिकं चारच, वसंतात बटाटा आणि सलगम, उन्हाळ्यात मका आणि टोमॅटो, पुढचे दोन ऋतू शेतात काही उगवतच नाही. जे निघेल ते पेटीत टाकायचं, संध्याकाळी पाचला एक माणूस येऊन उचलून नेणार, पैसे जमा. दूध आणि अंडी पण तशीच, कच्ची. लाकूड तोडायचं ते घर वाढवायला नाहीतर कुंपणाला, त्याचं दुसरं काही बनवायचं नाही. थोडक्यात पेटीत टाकलं की विषय संपला. आज तो गेम खेळताना सगळ्यात जास्त हेच जाणवतं, हातात दूध आहे आणि त्याचं करायचं काही नाही, विकण्याशिवाय.

गंमत म्हणजे त्याच्या तीन वर्षं आधीच दुसरीकडे हा प्रकार जोरात चालू होता. १९९३ मध्ये जर्मनीच्या ब्लू बाईट कंपनीने अमिगा या घरगुती कॉम्प्युटरवर 'द सेटलर्स' आणला. वरवर बघितलं तर एकमेकांचा मुलूख घ्यायचा गेम, पण खेळायला बसलं की लढाई राहते बाजूला आणि आपण बघत बसतो गहू कुठे अडकलाय. शेतातला गहू गिरणीत, पीठ बेकरीत, पाव खाणीतल्या माणसाला, त्याच्या पोटात काही गेलं तरच कोळसा आणि लोखंड वर येणार, मग भट्टी, मग तलवार, आणि तलवार असेल तरच शिपाई. रस्त्यावर जागोजागी हमाल उभे, एका वेळी एकच वस्तू नेणार, आणि एका ठिकाणी माल तुंबला की अख्ख्या राज्याचं पोट उपाशी. एका वस्तूचं दुसरीत, दुसरीचं तिसरीत अशी ही साखळी, आणि ती चालताना नुसतं बघत बसण्यातलं सुख, आजच्या शेतीच्या गेममध्ये जे आहे ना, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं. फक्त तिथे साखळीच्या शेवटी तलवार होती, इथे जॅमची बरणी आहे.

दुसरा झरा रोल प्लेइंग गेमचा, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याच्या जगात फिरायचे गेम. १९९२ च्या 'अल्टिमा सेव्हन' मध्ये जग वाचवायचं सोडून लोक पाव भाजत बसायचे, टेबलावर पीठ टाका, त्यावर पाणी ओता, कणकेचा गोळा उचलून भट्टीत ठेवा. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन' मध्ये लोहारकाम आणि शिवणकाम हीच काही लोकांची पूर्णवेळची ओळख झाली, म्हणजे राक्षस मारायला दुसरे, यांचं काम त्यांच्या तलवारी घडवणं. त्याच वर्षी जपानमध्ये 'अटेलिए मारी' आला, त्यात तर वस्तू बनवणं हाच मुख्य खेळ, भटकायचं आणि लढायचं ते साहित्य आणायला. आणि मग २००१ चा 'रूनस्केप', ज्यात नवखा माणूस अगदी सुरुवातीलाच एका आचाऱ्याला मदत करतो, त्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवं असतं. पीठ दुकानातून आणायच्या ऐवजी स्वतः करायचं तर शेतातून गहू घ्या, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, गहू वरून ओता, दांडा ओढा, परत खाली या आणि मडक्यात पीठ भरून घ्या. एवढ्याशा पिठासाठी तीन मजले चढउतार, आणि तरी खूप जणांना त्या गेममधलं आज हेच आठवतं.

शेतीच्या गेमने हे उचललं ते हळूहळू. 'बॅक टू नेचर', हार्वेस्ट मून मालिकेतलाच, प्लेस्टेशनवरचा, जपानमध्ये १९९९ आणि अमेरिकेत २०००, आणि त्याचंच गाव घेऊन गेमबॉय ॲडव्हान्सवर २००३ मध्ये आलेला 'फ्रेंड्स ऑफ मिनरल टाऊन', या दोघांनी मेकर, म्हणजे कच्च्या मालाचं दुसरं काही करून देणारं मशीन, हा शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी बसवला. गावातला लोहार सायबारा चीज मेकर, लोकरीचा सूत मेकर आणि मेयोनीज मेकर करून देतो, पण त्यासाठी खाणीत उतरून ॲडमंटाईट नावाचं दुर्मिळ खनिज शोधून आणायचं आणि वर रक्कम मोजायची ती वेगळी. अंड्याचं दुसरं काही न होता मेयोनीजच का, हा प्रश्न प्रत्येक नव्या खेळाडूला पडतो, पण तो पायंडा इतका घट्ट बसला की पुढच्या गेमवाल्यांनी पण मुकाट्याने मेयोनीजच ठेवलं.

तर हे मेकर लगेच काम करायचे. दूध हातात धरून मशीनसमोर जा, टाका, चीज बाहेर. वाट बघणं शून्य. मिनरल टाऊनमध्ये तर गोठ्यात शिरलं की घड्याळच थांबायचं, म्हणजे वेळेचाही खर्च नाही, खर्च फक्त बोटांचा, दहा गायी असतील तर दहा वेळा तेच. मशीन हे बक्षीस होतं, खाणीत घालवलेल्या दिवसांचं आणि साठवलेल्या पैशांचं, आणि एकदा आलं की दर बाटलीमागे जास्त पैसे, बस. त्यात निर्णय असा काही नव्हता. चीज करू की नको, असा विचार कोण करेल, करायचंच.

वाट बघणं आलं ते मोबाईल आणि फेसबुकच्या गेमबरोबर, आणि इथे गोष्ट जरा कडवट होते. जून २००९ मध्ये झिंगाचा 'फार्मव्हिल' आला, पीक खऱ्या घड्याळावर उगवायला लागलं, वेळेत काढलं नाही तर सुकून जाणार. मग जून २०१२ मध्ये फिनलंडच्या सुपरसेलने 'हे डे' काढला आणि सेटलर्सची अख्खी साखळी टचस्क्रीनवर आणून ठेवली. दोन मिनिटांत गहू, तीन गव्हांचा एक पाव, त्याला पाच मिनिटं. कोंबडीला दाणा हवा तर फीड मिलमध्ये गहू आणि मका टाका, दाणा मिळाल्याशिवाय अंडी नाहीत, अंडी नसतील तर बेकरीतले पुढचे पदार्थ अडले. साखर कारखाना, डेअरी, पॉपकॉर्न, प्रत्येकाची रांग ठरावीक जागांची, आणि जागा वाढवायची तर हिरे लागतात, थांबायचा कंटाळा आला तरी हिरे, कोठार भरलं आणि फळ्या-खिळे मिळत नाहीत तर परत हिरेच. हिरे खेळताना थोडेथोडे मिळतात, नाहीतर खऱ्या पैशाने घ्यायचे. गेम म्हणून हे डे अजिबात टाकाऊ नाही, साखळीची आखणी तर फारच घट्ट आहे, एक पण वस्तू वाया जात नाही. पण घड्याळ तुमच्या हातातून काढून दुकानात ठेवलं ते या पिढीने, आणि नंतर आलेल्या कितीतरी मोबाईल शेतीच्या गेमने तोच साचा उचलला.

दरम्यान कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट नावाचं वादळ येऊन गेलं होतं, २००९ मध्ये लोकांसमोर आणि २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात. तीन बाय तीनच्या चौकटीत लाकूड नि दगड मांडा आणि कुदळ काढा, हे एका पिढीला पाढ्यांसारखं पाठ झालं. त्यानंतर क्राफ्टिंग नसलेला गेम काढला तर लोक विचारायला लागले की कुठेय.

या सगळ्या झऱ्यांचं पाणी एका ठिकाणी आलं ते २६ फेब्रुवारी २०१६ ला, 'स्टारड्यू व्हॅली' मध्ये. एरिक बॅरोन, एकटा माणूस, साडेचार वर्षांच्या आसपास बसून चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः, आणि मूळ ओढ जुन्या हार्वेस्ट मूनचीच, खास करून बॅक टू नेचरची. त्याने काय केलं बघा. मशीन लोहाराकडून विकत न घेता स्वतः बनवायचं, माइनक्राफ्टसारखं. केग, म्हणजे वाईन करायचं पिंप, हवा तर ३० लाकडं, एक तांब्याची कांडी, एक लोखंडाची, आणि ओकचा डिंक. म्हणजे वाईन करायला आधी खाणीत जाऊन यायचं, भट्टी पेटवायची आणि झाडाला टॅपर, म्हणजे डिंक गोळा करायचं साधन, लावून डिंकाची वाट बघायची. आणि मशीनला वेळ लागतो, पण तो गेममधल्या दिवसांचा, आणि हिरे-बिरे काही नाहीत. झोपलात की दिवस पुढे. घड्याळ परत खेळणाऱ्याच्या हातात आलं.

आणि वेळ आला म्हणून हिशोब आला. जार नावाच्या दुसऱ्या मशीनमध्ये फळाचा जॅम होतो, किंमत फळाच्या दुप्पट अधिक ५०, दोन-तीन दिवसांत तयार. केगमध्ये वाईन, तिप्पट किंमत, पण जवळजवळ आठवडा. आता ब्लूबेरी घ्या, मूळ भाव ५०. जॅम १५०, वाईन पण १५०! मग आठवडाभर केग कशाला अडकवायचा. ५० च्या खालचं फळ असेल तर जॅमच महाग पडतो, वरचं असेल तर वाईन. एन्शंट फ्रूट हे महागडं फळ ५५० चं, जॅम ११५०, वाईन १६५०, चला केगच. पण थांबा, जार तेवढ्या दिवसांत दोनदा भरून होतो, मग दिवसाच्या हिशोबाने परत जारच पुढे. म्हणजे तुमच्याकडे फळं कमी आहेत की मशिनं कमी आहेत यावर उत्तर बदलतं, आणि या एका प्रश्नावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. वर आणखी एक खोच, केगमध्ये फळाची प्रत मोजलीच जात नाही, सोनेरी ताऱ्याचं फळ टाका नाहीतर साधं, वाईन तीच, म्हणून चांगली फळं तशीच विका आणि साधी केगमध्ये ढकला. शेतीची पातळी दहाला गेली आणि आर्टिझन, म्हणजे कारागिराचा पेशा, निवडला की सगळ्या बनवलेल्या मालाला ४० टक्के जास्त. घराखाली तळघर मिळालं की वाईन ५६ दिवस कास्कमध्ये, म्हणजे मुरवायच्या लाकडी पिंपात, मुरवा, बरोब्बर दोन ऋतू, किंमत दुप्पट. बॅक टू नेचरमध्ये ज्याला एक निर्णय पण लागत नव्हता तिथे आता लोक एक्सेल शीट घेऊन बसलेत.

यामागे करणाऱ्याची सोय पण आहे बरं का, ती विसरू नये. एकट्या माणसाने शेकडो नव्या वस्तू काढायच्या कधी? तर वाईनची बाटली एकच, फळाप्रमाणे तिचा रंग बदलतो आणि नाव बदलतं. मशीन एक वाढवलं की प्रत्येक पिकामागे एक नवी वस्तू फुकट. हुशारी म्हणा किंवा जुगाड म्हणा, पण त्यामुळे छोट्या टीमच्या गेमना हा रस्ता फार सोपा वाटला आणि पुढे सगळे तिकडेच गेले.

पुढे हे कधी जमलं, कधी अंगाशी आलं. २०१९ च्या 'माय टाइम ॲट पोर्शिया' ने शेत बाजूला सारून कारखानाच मध्यभागी ठेवला, आणि ते छान जमलं, कारण तिथे तुम्ही मुळात कारागीरच आहात. २० मार्च २०२० च्या 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' मध्ये अवजारं स्वतः बनवायची आणि ती तुटणार, ठीक, पण आला तेव्हा एका वेळी एकच वस्तू बनायची, माशांसाठी आमिष करायचं तर तीच हातोडीची ठोकठोक परत परत. आणि २०२१ च्या 'पायोनियर्स ऑफ ऑलिव्ह टाऊन' मध्ये, म्हणजे ज्या मालिकेत मेयोनीज मेकर होता त्याच मालिकेत, ओंडक्याची फळी करायला मेकर, धातूला मेकर, धाग्याला मेकर, असं करत शेतात पिकापेक्षा मेकरच जास्त दिसायला लागले. लोक वैतागले, आणि अपडेट काढून मेकरचं काम सुधारावं लागलं.

स्टारड्यूमध्ये पण मशिनं वाढतच गेली, १९ मार्च २०२४ च्या १.६ अपडेटमध्ये डीहायड्रेटर आला, एकाच प्रकारची पाच फळं घेतो आणि दुसऱ्या दिवशी सुकी देतो, आणि माशांना धुरी द्यायचं स्मोकर पण. त्याच्या कितीतरी आधी खेळाडूंनी स्वतःच 'ऑटोमेट' नावाचा मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायची भर, करून ठेवलाय, केगच्या शेजारी पेटी ठेवली की केग पेटीतून आपणहून फळं उचलतो आणि वाईन त्याच पेटीत टाकतो, हात लावायची गरज नाही. म्हणजे परत एक पेटीच, फक्त यावेळी संध्याकाळी पाचला कोणी येत नाही.